इंजिनिअरिंगची इंटर्नशिप सक्तीची झाली, पैशाचं कुणी ठरवलंच नाही

इंटर्नशिपचं सर्टिफिकेट पाहिजे तर उलट पोरांनीच काही हजार भरायचे, यावर सगळे चिडलेत आणि चिडणं बरोबरच आहे, पण हे काय एका रात्रीत झालेलं नाही, त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

शिकता शिकता कारखान्यात काम करायची ही मूळ कल्पना अमेरिकेतली. १९०६ मध्ये सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने २७ पोरं घेऊन सुरू केलं, काही दिवस वर्गात, काही दिवस कारखान्यात, आणि कारखान्यातल्या कामाचा पगार मालक देणार. पोरगं खरंच मशीनवर राबायचं, मग पगार कुणी द्यायचा हा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडे १९६१ चा अप्रेंटिस कायदा, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचा कायदा, आला तो मुळात फिटर-वेल्डर असल्या ट्रेडवाल्यांसाठी. १९७३ ला दुरुस्ती करून डिग्री-डिप्लोमावाले त्यात घेतले आणि स्टायपेंडचा, म्हणजे शिकताना मिळणाऱ्या मानधनाचा, अर्धा भार केंद्राने उचलला. आपल्या भागाचं हे काम मुंबईतलं बोट, म्हणजे बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग, बघतं. पण यातली मेख अशी की हे सगळं प्रामुख्याने पास झालेल्यांसाठी. शिकत असलेल्यांपैकी त्यात बसायचे ते सँडविचवाले. पुणे युनिव्हर्सिटीत प्रॉडक्शन सँडविच, मेकॅनिकल सँडविच असे कोर्स होते बघा, मधेच सहा-सहा महिने कंपनीत, त्या पोरांना कायद्याने स्टायपेंड मिळायचा. २०१४ च्या दरात पदवीधराला महिना ४,९८४ रुपये आणि सँडविचवाल्याला ३,५४२. थोडा असेना, पण हक्काचा.

त्याच १९७३ मध्ये पिलानीच्या बिट्स या इंजिनिअरिंग कॉलेजने प्रॅक्टिस स्कूल काढलं, त्यात कॉलेजचा स्वतःचा मास्तर कंपनीच्या ठिकाणी पोरांवर लक्ष ठेवायला असतो आणि तिथलं काम ग्रेडमध्ये धरतात. माझ्या मते सगळ्यात नीट विचार करून केलेली व्यवस्था हीच, पण त्याला माणसं लागतात, पैसा लागतो, म्हणून बाकीच्यांनी नुसतं कौतुक केलं.

आणि मग १९८३. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्याने खेड्यापाड्यातली पोरं इंजिनिअर झाली हे खरंच, पण सीटा ज्या वेगाने वाढल्या त्या वेगाने कंपन्यांचे दरवाजे काही उघडले नाहीत. त्यातून आलं ते दोन आठवड्याचं इनप्लांट ट्रेनिंग: टीपीओच्या, म्हणजे कॉलेजच्या ट्रेनिंग-प्लेसमेंट ऑफिसरच्या, सहीशिक्क्याचं पत्र घेऊन भोसरी नाहीतर सातपूर एमआयडीसीत गेटोगेट फिरायचं, सिक्युरिटीवाला म्हणणार साहेब मीटिंगमध्ये आहेत, कुणाचा काका ओळखीचा निघाला तर आत एंट्री, आत गेल्यावर पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभं राहून बघायचं, मशीनला हात लावायचा नाही, आणि शेवटी रिपोर्ट मागच्या बॅचचा. स्टायपेंड सोडा, कँटीनचं कूपन मिळालं तरी पोरं खूश.

२०१८ ला एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षण बघणाऱ्या केंद्रीय परिषदेचा, मॉडेल अभ्यासक्रम आला, डिग्रीला लागणारे एकूण क्रेडिट १६० वर आणले आणि त्यातच इंटर्नशिप घातली, नंतरच्या पॉलिसीत ६०० ते ७०० तास. म्हणजे जे ऐच्छिक, ओळखीपाळखीवर चालायचं ते एकदम सक्तीचं झालं, आणि स्टायपेंड कोण देणार हे मात्र कंपनीच्या मर्जीवर सोडलं. लाखो पोरांना एकाच सुट्टीत सर्टिफिकेट हवं म्हटल्यावर ते विकणारी दुकानं निघणारच की! २०२० पासून महापालिकांमधल्या इंटर्नशिपसाठी ट्यूलिप नावाचं पोर्टलही आलं, त्यातही पैसे द्यायचे का नाही ते ज्या त्या महापालिकेने ठरवायचं.

२०२४ मध्ये सरकारने खरंच खिसा उघडला. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत तेव्हा महिना ५,००० ठरले, त्यातले ४,५०० सरकारचे, ५०० कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेल्या पैशातून. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,००० ठरले. पण दोन्हीकडे तेव्हाची अट बघा: फुल टाइम शिकणारा चालत नव्हता. ज्याला इंटर्नशिप केल्याशिवाय डिग्रीच मिळत नाही तो थर्ड इयरचा पोरगा दोन्हीतून बाहेर, रूमचं भाडं घरून मागवायचं आणि फुकट राबायचं.