ताकाहाता इसाओ : पन्नाशीपर्यंत 'सुरुवातीची कारकीर्द'

इसाओ ताकाहाता यांचं चरित्र बहुतेक ज्ञानकोशांत उघडलं की पहिल्या दोन ओळींत तीन गोष्टी हमखास भेटतात. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचे जोडीदार, स्टुडिओ घिबली या जपानी अॅनिमेशन स्टुडिओचे सहसंस्थापक आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' या रडवणाऱ्या सिनेमाचे दिग्दर्शक. तिन्ही गोष्टी खऱ्याच आहेत, तक्रार त्याबद्दल नाहीच. पण माणूस जन्मला १९३५ ला, तोएई दोगा या अॅनिमेशन कंपनीत लागला १९५९ ला, आणि घिबली सुरू झाली १९८५ ला, म्हणजे मधली तब्बल २६ वर्षं कुठे गेली तर 'सुरुवातीची कारकीर्द' नावाच्या एका परिच्छेदात. पन्नाशीला टेकला तरी बिचाऱ्याची सुरुवातच चाललीय!

हे चरित्र मराठी ज्ञानकोशासाठी नीट लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, इंग्रजी लेख समोर ठेवायचा, वाक्यं फिरवायची, माहितीचौकट भरायची, दोन रविवारांचं काम. पण मग लक्षात आलं की भाषांतर करताना आपण नुसती माहिती उचलत नाही, कशाला किती जागा द्यायची ते मापही उचलतो, आणि इथे मापातच गडबड आहे. ती कशी झाली ते आधी बघायला हवं.

सोपं कारण म्हणजे कुठला सिनेमा कुठे कधी पोचला. १९९६ मध्ये घिबलीची मालक कंपनी तोकुमा आणि डिस्ने यांचा करार झाला आणि घिबलीचे सिनेमे जगभर जायचा रस्ता उघडला. 'फायरफ्लाइज' त्या करारात नव्हताच, कारण त्याचे हक्क शिन्चोशा या प्रकाशन संस्थेकडे, मूळ कथा त्यांच्याकडची आणि सिनेमाला पैसेही त्यांनीच घातलेले. १९९१ चा 'ओनली यस्टरडे' तर अमेरिकेतल्या थिएटरांत लागायला २०१६ उजाडलं, पंचवीस वर्षं! तोपर्यंत इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या डोक्यात घिबली म्हणजे मियाझाकी हे पक्कं बसलेलं, आणि ताकाहाता म्हणजे 'ते दुसरे'. आपल्याकडे नेटफ्लिक्सवर २०२० मध्ये घिबलीचे सिनेमे आले, पण 'फायरफ्लाइज' तिथेही २०२४ च्या सप्टेंबरात आला. आणि मग २०२५ च्या मार्चमध्ये जो तो आपले लग्नाचे, बारशाचे फोटो एआयकडून 'घिबली' करून टाकायला लागला, त्याला घिबलीची चित्रशैली म्हणे. ताकाहातांचे शेवटचे दोन सिनेमे बघा, १९९९ चा 'यामादा' आणि २०१३ चा 'कागुया', एक कॉमिक स्ट्रिपसारखा वॉटरकलरमध्ये, दुसरा कोळशाने भराभर ओढलेल्या रेषांसारखा, अर्धा कागद कोरा सोडलेला. दोन्ही घिबलीचेच आहेत आणि दोन्ही त्या फोटोंसारखे अजिबात दिसत नाहीत.

दुसरं कारण जरा आतलं आहे. ताकाहाता चित्रं काढायचे नाहीत. अॅनिमेशनचा दिग्दर्शक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पेन्सिल घेऊन टेबलाशी वाकलेला माणूस येतो, आणि मियाझाकी तसेच आहेत, त्यामुळे त्यांच्यावर लिहिणं सोपं जातं, हे चित्र त्यांचं ते चित्र त्यांचं. ताकाहाता टोकियो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकलेले. विद्यार्थी असताना पॉल ग्रिमोचा फ्रेंच अॅनिमेशनपट बघितला, कवी झाक प्रेव्हेरने लिहिलेला, आणि ड्रॉइंगमध्येही विचार मांडता येतो हे त्यांना तिथे पटलं. (पुढे म्हातारपणी त्यांनी प्रेव्हेरच्या कवितांचा जपानी अनुवादही केला.) तोएईत ते चित्रकार म्हणून नाही, दिग्दर्शनाकडचे उमेदवार म्हणून लागले. त्यामुळे ताकाहातांनी 'केलं' काय हे चरित्रात सांगायचं तर प्रसंगाची लांबी, आवाज, पात्र जेवतं कसं चालतं कसं, कुठे थांबायचं, अशा गोष्टींबद्दल बोलावं लागतं, आणि ते दोन ओळींत बसत नाही. म्हणून लोक सरळ 'अॅनिमेटर' लिहून मोकळे होतात, जे चूक आहे.

१९६८ चा 'होरुस' हा त्यांचा पहिला मोठा सिनेमा, आणि माझ्या मते चरित्राचा गाभा इथे आहे, घिबलीत नाही. तोएई दोगा १९५६ ला निघाली तेव्हा तिला पूर्वेकडची डिस्ने व्हायचं होतं. साठच्या दशकात टीव्ही मालिकांचा रेटा सुरू झाला, कामाचे तास वाढले, पगार तेवढेच, आणि कंपनीत युनियन उभी राहिली. ताकाहाता तिचे उपाध्यक्ष होते, मियाझाकी सरचिटणीस. दोघांची पहिली भेट, मियाझाकींच्याच शब्दांवर विश्वास ठेवायचा तर, १९६३ साली पाऊस पडून गेल्यावर एका बस-स्टॉपवर झाली. युनियनमधल्या याच मंडळींनी पुढे 'होरुस' केला. अॅनिमेशनची जबाबदारी यासुओ ओत्सुका या सीनियर माणसाकडे आली, आणि त्यांनी दिग्दर्शक ताकाहाताच हवेत असा हट्ट धरला. मूळ गोष्ट उत्तर जपानच्या आदिवासी आइनू लोकांच्या मौखिक महाकाव्यावर बेतलेल्या बाहुलीनाट्यातली, ती सिनेमात नेऊन ठेवली उत्तर युरोपात. काम १९६५ मध्ये सुरू, मध्ये कंपनीने चक्क थांबवलं, मग परत सुरू, आणि सिनेमा लागला जुलै १९६८ मध्ये. बजेट आणि मुदत दोन्ही हाताबाहेर गेलेलं, तिकीटबारीवर आपटला, आणि तोएईने ताकाहातांना परत मोठा सिनेमा दिला नाही. हिल्दा नावाची त्यातली मुलगी, अर्धी चांगली अर्धी सैतानाची, मनातल्या मनात फाटलेली, असं पात्र तोवर पोरांच्या कार्टूनमध्ये कुणी ठेवलंच नव्हतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण आज बघितलं तरी ती बाकीच्या सिनेमापेक्षा वीस वर्षं पुढची वाटते.

ह्याच सिनेमात श्रेयनामावलीची एक भानगड आहे. ताकाहातांपुढे 'कान्तोकु' म्हणजे दिग्दर्शक असं नाही, 'एनशुत्सु' असं लिहिलंय. नाटकातला शब्द, आपल्या 'रंगमंचावर बसवणं' या अर्थाच्या जवळचा, तोएईत तेव्हा तीच पद्धत होती. मियाझाकींना त्या सिनेमात 'दृश्य-रचना' असं वेगळं पद दिलेलं. हे नीट न कळता कुणी 'सहदिग्दर्शक मियाझाकी' लिहितं, आणि एकदा एका भाषेत शिरलं की दहा भाषांत जातं.

१९७१ मध्ये ताकाहाता, मियाझाकी आणि चित्रकार योइची कोताबे तिघं तोएई सोडून ए प्रॉडक्शन या स्टुडिओत गेले, कशासाठी तर 'पिप्पी लाँगस्टॉकिंग' या मुलांच्या पुस्तकावर मालिका करायची म्हणून. मियाझाकी स्वीडनलाही जाऊन आले. लेखिका अॅस्ट्रिड लिंडग्रेनने परवानगी दिली नाही, मालिका बुडाली. मग हातात आली 'लुपिन थर्ड' ही टीव्ही मालिका, आधीच्या दिग्दर्शकाला बाजूला केल्यावर अर्ध्यातून ताकाहाता-मियाझाकींनी ओढून नेलेली, आणि श्रेय काय तर 'ए प्रॉडक्शन एनशुत्सु ग्रुप'. नावच नाही! आता ज्ञानकोशाचा नियम असा की जे पडद्यावर किंवा छापील पुराव्यात आहे तेच लिहायचं, आणि इथे पडद्यावर ग्रुप. इथे दोघांच्या नंतरच्या मुलाखतींचा हवाला देऊन, श्रेय असं होतं आणि काम असं झालं, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात. एका वाक्यात गुंडाळलं की कुणीतरी लेखाच्या चर्चा पानावर येऊन विचारणारच.

मग १९७४ ची 'हायडी' ही मालिका. दर रविवारी एक, असे वर्षभरात ५२ भाग. टीम आधी स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, घरं, शेळ्या बघून आली, जे टीव्ही कार्टूनसाठी तेव्हा कुणी करत नव्हतं. मियाझाकींनी प्रत्येक भागाचा लेआउट, म्हणजे दृश्यांचा आराखडा, एकट्याने काढला, कोताबेंनी पात्रं घडवली, आणि ताकाहातांनी ठरवलं की या मालिकेत फारसं काही 'घडणार' नाही. ब्रेडवर वितळलेलं चीज, गवतात झोपणं, सकाळ. जर्मनी, स्पेनमध्ये ही मालिका एवढी चालली की कित्येक पोरांना ती जपानी आहे हे माहीतच नव्हतं, म्हणजे ताकाहातांचं सगळ्यात जास्त बघितलं गेलेलं काम त्यांच्या नावाशिवायच घराघरात गेलं. त्यापाठोपाठ १९७६ ला आईला शोधत इटलीहून अर्जेंटिनाला जाणारा मार्को, १९७९ ला लाल केसांची अॅन. वर्षभर चाललेल्या या तीन मालिका मिळून दीडशेहून जास्त भाग होतात, आणि नेहमीच्या चरित्रात त्यांना मिळतं एक वाक्य.

युद्धाचा भाग मात्र उलटा, तिथे लोक गरजेपेक्षा जास्त लिहितात आणि मिसळतात. २९ जून १९४५ ला ओकायामावर विमानहल्ला झाला तेव्हा ताकाहाता नऊ वर्षांचे होते, सात भावंडांत सगळ्यात धाकटे, एका बहिणीसोबत रात्रीच्या कपड्यांत अनवाणी आगीतून पळाले. हे त्यांनी स्वतः सांगितलंय. पण 'फायरफ्लाइज' ही त्यांची आत्मकथा नाही, ती अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवर आहे, आणि उपासमारीने धाकटी बहीण गेली ती नोसाकांची. सिनेमा कोबेचा, आठवण ओकायामाची. दोन्ही एका परिच्छेदात आले की वाचणाऱ्याचा गोंधळ झालाच म्हणून समजा. आणि 'युद्धविरोधी सिनेमा' हे लेबल ताकाहातांनी पुन्हा पुन्हा नाकारलंय. त्यांचं म्हणणं, अशा सिनेमाने युद्ध थांबत नसतं, आणि ही दोन पोरं समाजापासून तुटून आपलं वेगळं घर मांडू बघतात ते आजच्या मुलांसारखं आहे. हे पटो न पटो, चरित्रात त्यांचं मत त्यांच्या नावाने आणि समीक्षकांचं मत समीक्षकांच्या नावाने यायला हवं.

बरं, नावाचाही प्रश्न आहे. जपानीत आडनाव आधी, ताकाहाता इसाओ. इंग्रजीने ते उलटं केलं आणि आपण इंग्रजीकडून घेतलं. गंमत म्हणजे वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदी आडनावापासूनच लागतात, 'टिळक, बाळ गंगाधर' अशा, म्हणजे आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मी शीर्षक प्रचलित 'इसाओ ताकाहाता' ठेवतो आणि पहिल्या ओळीत जपानी क्रम देतो. स्टुडिओचं नावही जपानी लोक 'जिबुरी' म्हणतात, पण आता मराठीत घिबली बसलंय ते बसलंय, त्यावर संपादकांच्या चावडीवर भांडण्यात अर्थ नाही.

सुधारणेची खरी संधी आली ती त्यांच्या जाण्यानंतर. ५ एप्रिल २०१८ ला फुप्फुसाच्या कॅन्सरने ते गेले, आणि २०१९ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. चित्र न काढणाऱ्या माणसाचं प्रदर्शन, विचार करा! तिथे मांडल्या त्यांच्या वह्या, 'होरुस'मधल्या पात्रांच्या नात्यांच्या आणि भावनांच्या चढउताराच्या नोंदी, सहकाऱ्यांना लिहिलेली टिपणं. म्हणजे 'यांनी केलं काय' या प्रश्नाचं उत्तर कागदावर समोर आलं. त्याशिवाय त्यांची स्वतःची पुस्तकं आहेत, बाराव्या शतकातल्या जपानी चित्रगुंडाळ्या ही अॅनिमेशनची पूर्वज आहेत असं मांडणारंही एक, आणि ते वाचलं की 'कागुया' तसा का दिसतो ते कळतं. त्या सिनेमाला आठेक वर्षं लागली, आणि २०१५ च्या ऑस्करला नामांकन मिळालं. पारितोषिक मिळालं नाही, तर यादीत 'नामांकन' असंच लिहायचं, हे सांगावं लागतं कारण उत्साहात लोक 'ऑस्करविजेते' करून टाकतात.

सध्या माझं घोडं अडलंय ते १९८७ च्या यानागावावरच्या माहितीपटावर. यानागावा हे क्युशूतलं कालव्यांचं गाव, कालवे घाणीने तुंबलेले, नगरपालिका बुजवायला निघालेली, आणि एका कर्मचाऱ्याने लोकांना घेऊन ते साफ करायची चळवळ केली. ताकाहाता गेले होते अॅनिमेशनची जागा बघायला आणि बनवून आले पावणेतीन तासांचा माहितीपट, तोही खऱ्या माणसांचा. 'नौसिका' या आपल्या सिनेमातून मियाझाकींना मिळालेले पैसे त्यात गेले, संपले, आणि मग पैसे उभे करायला मियाझाकींचा 'लापुता' काढायचं ठरलं, असं निर्माते सुझुकी सांगतात. माहितीपट पूर्ण व्हायच्या आधीच, १९८६ मध्ये, 'लापुता' लागलासुद्धा. आता हा प्रसंग ठेवू कुठे? 'माहितीपट' विभागात टाकला तर घिबलीचा पहिला सिनेमा का निघाला ते तुटतं, आणि घिबलीत टाकला तर परत मियाझाकींची गोष्ट होते. तूर्तास वेगळा उपविभाग केलाय, 'यानागावा' नावाचा, त्यात कालवे आधी आणि पैसे नंतर. आणि लेखाखाली वर्ग, म्हणजे विषयांची लेबलं, लावताना 'जपानी अॅनिमेटर' काढून 'जपानी चित्रपट दिग्दर्शक' लावलाय, कुणी परत बदललं तर चर्चा पानावर भेटू.