तवा रिकामा की पोळपाट? गेमिंग पीसी नेमका अडतो कुठे

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, मामा ग्राफिक्स कार्ड बदलायचंय, गेम सारखा अडकतोय, आईला तू सांग. आता आईला सांगायचं म्हणजे तीसेक हजारांचा विषय, आणि ताई मलाच झापणार हे नक्की, म्हणून म्हटलं थांब, रविवारी येतो आणि आधी बघू तरी. पीसी तसा चांगला होता, सीपीयू म्हणजे मुख्य चिप रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम, १४४ हर्ट्झचा म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा मॉनिटर. साहेब खेळतात काउंटर स्ट्राइक २, आणि या कार्डाला तो गेम काही डोईजड नाही. तिथेच मला शंका आली.

स्क्रीनवर दिसणारी प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, दोन हातांतून जाते. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, काय काय दाखवायचंय हे सगळं सीपीयू ठरवतो, त्याची यादी कार्डाकडे देतो आणि मग कार्ड पिक्सेल रंगवत बसतं. घरी एक जण पोळ्या लाटतो आणि दुसरा भाजतो ना, अगदी तसंच. तवा नुसताच तापत बसला असेल तर लाटणारा हळू आहे, लाटलेल्या पोळ्या वाट बघत पडल्या असतील तर तवा कमी पडतोय. नवा तवा आणला म्हणून लाटणाऱ्याचा हात भरभर चालत नाही, हे कुणालाही पटतं, पण पीसीचं आलं की सगळे आधी तवाच विकत आणायला निघतात. बरं, वेळ किती कमी असतो बघा, ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, हव्या असतील तर दर १६.७ मिलिसेकंदाला एक पोळी उतरली पाहिजे, आणि १४४ साठी तर ६.९ मिलिसेकंदच.

मग तपासायचं कसं? व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधून ठेवणारी सेटिंग) बंद, एफपीएसची मर्यादा काढून टाकायची, एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर लावून गेममध्येच कार्डाचा वापर बघायचा. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर तवा भरलेला आहे, कार्ड जीव तोडून काम करतंय. आमच्याकडे आकडा ५५ ते ६० मध्ये घुटमळत होता. तरी खात्री करायला रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणलं. पहिल्यात एका फ्रेमला २०.७ लाख पिक्सेल, दुसऱ्यात ९.२ लाख, म्हणजे भाजायचं काम निम्म्याहून कमी झालं आणि लाटायचं जवळपास तेवढंच राहिलं. कार्ड अडवत असतं तर एफपीएस उडी मारून वर गेले असते. ते आधीही १४० च्या आसपास होते आणि नंतरही तिथेच. ताईचे तीस हजार वाचले, मी चहा मागितला.

भाचा लगेच म्हणाला, पण मामा सीपीयू तर ४० टक्केच दाखवतोय. इथे भलेभले फसतात. विंडोजचा टास्क मॅनेजर जो आकडा दाखवतो ती सगळ्या थ्रेडची, म्हणजे सीपीयू एकाच वेळी चालवतो त्या कामाच्या धाग्यांची, सरासरी असते. या सीपीयूत १२ थ्रेड आहेत, त्यातला एक अगदी पूर्ण भरला तरी त्या आकड्यात भर पडते फक्त ८.३ टक्क्यांची. आणि बऱ्याच गेममध्ये एक मुख्य थ्रेड असतो ज्याच्यावाचून बाकीच्यांचं पान हलत नाही, तो अडला की बाकी अकरा जण आपले बसून.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे जीटीए ऑनलाइन. गेम लोड व्हायला काही जणांना सहा-सहा मिनिटं लागायची, आणि वर्षानुवर्षं लोक एसएसडी घे, नेट बदल असेच सल्ले देत होते. २०२१ मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रामरने नीट बघितलं, तर डिस्क शांत, नेट शांत, आणि सीपीयूचा एकच कोअर, म्हणजे आतला एकच कामकरी, फुल्ल. आत गेम १० एमबीची एक यादी वाचत होता, विकत घ्यायच्या वस्तूंची, सुमारे ६३ हजार नोंदी. आणि वाचायची पद्धत काय, तर प्रत्येक तुकडा उचलताना उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी शेवटपर्यंत मोजायची, परत नोंद ठेवताना ती आधी आली नाही ना हे आधीच्या एकेका नोंदीशी ताडून बघायचं. त्या तुलनाच होतात १९८ कोटींच्या आसपास! त्याने स्वतःपुरता पॅच, म्हणजे दुरुस्ती, लिहिला आणि सहा मिनिटांचं काम पावणेदोन-दोन मिनिटांवर आलं. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने मार्चमध्ये अपडेट दिला आणि त्याला १० हजार डॉलर बक्षीसही दिलं. नवं हार्डवेअर टाकूनही ते दुखणं गेलं नसतं, कारण ते गेमच्या आतच होतं.

आमच्याकडे मात्र दोष आमचाच होता. केस उघडली तर रॅमची एकच काडी, १६ जीबीची. मदरबोर्डावर रॅमचे दोन चॅनल, म्हणजे डेटा यायचे दोन रस्ते, असतात, एका काडीत एकच चालतो. वर त्या काडीवर वेग लिहिलेला ३२०० आणि चालत होती २४०० वर, कारण बायोसमधलं (पीसीच्या मूळ सेटिंगमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅम लिहिलेल्या वेगाने चालवायची सोय, पीसी जोडणाऱ्याने चालूच केलं नव्हतं. ३२०० ची डीडीआर४ एका चॅनलला सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन्हीला मिळून ५१.२, आणि आम्ही १९.२ वर खेळत होतो. सीपीयूला हवा तो डेटा त्याच्या कॅशमध्ये, म्हणजे पोटातल्या छोट्या मेमरीत, नसला की रॅमकडे जावं लागतं, त्याला साधारण ८०-१०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सीपीयूच्या हिशोबाने तीन-चारशे ठोके नुसते वाया. आणि गंमत म्हणजे हे वाट बघणंसुद्धा टास्क मॅनेजर कामातच धरतो. तर लाटणारा हळू नव्हताच, त्याला कणकेचे गोळे वेळेवर मिळत नव्हते. दुसरी काडी टाकली, एक्सएमपी चालू केलं, एफपीएसची सरासरी पावणेदोनशेला गेली.

पण सरासरीवर फार जाऊ नका. एका सेकंदात ९९ फ्रेम ९-९ मिलिसेकंदात आल्या आणि एकच फ्रेम १०० मिलिसेकंद अडकली, तरी काउंटर १०० एफपीएस दाखवणार, आणि तुम्हाला मात्र नेमका निशाणा लावताना गचका बसणार. २०११ मध्ये टेक रिपोर्ट या हार्डवेअरच्या वेबसाइटच्या स्कॉट वॉसनने हे मांडलं आणि तेव्हापासून रिव्ह्यूवाले फ्रेमटाइम, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेला वेळ, बघायला लागले, आता १ टक्का लो (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस) हा आकडा सगळीकडे दिसतो तो त्यातूनच आला. हल्ली इंटेलच्या प्रेझेंटमॉन या सॉफ्टवेअरमध्ये 'जीपीयू बिझी' म्हणून एक आकडा येतो, एका फ्रेममध्ये कार्ड किती वेळ कामात होतं त्याचा, तो फ्रेमटाइमच्या शेजारी लावून बघा. दोन्ही जवळपास सारखे म्हणजे कार्ड अडवतंय, आणि फरक मोठा असेल तर कार्ड रिकामं बसलंय. माझ्या मते टक्केवारीपेक्षा हे जास्त खरं बोलतं.

आणखी दोन दुखणी आहेत जी चटकन फसवतात. गेम सुरुवातीला मस्त चालतो आणि मोठा मॅप आला की गचके, तर व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, बघा. आरटीएक्स ३०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबी देते, ती भरली की टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवायची चित्रं) साध्या रॅममध्ये जातात आणि तिथून पीसीआयई ४.० या कार्ड जोडायच्या वाटेने जास्तीत जास्त ३२ च्या आसपास. टेक्श्चर एक पायरी खाली केलं आणि गचके थांबले तर तेच कारण. दुसरं, वीस मिनिटांनी एफपीएस हळूहळू उतरत असतील तर तापमान. ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे, त्यापुढे तो स्वतःच वेग कमी करतो. हवेवर चालणारा कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, त्यामुळे जानेवारीत ७२ वर खेळणारा पीसी मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे नव्वदीला टेकला तर नवल नाही.

तर रविवारी सगळं झाल्यावर भाचा खेळायला बसला आणि म्हणाला, मामा आकडा वाढला पण दिसायला काही फरक नाही रे. मी विंडोजची डिस्प्ले सेटिंग उघडली. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतल्या दिवसापासून ६० वरच होता.