आउटबोर्ड मध्येच गचके खातंय? आधी रबरी बल्ब दाबून बघा

जुनं आउटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागे बाहेरून लावतात ते) स्टार्ट होतं, थोडा वेळ मस्त चालतं आणि मग थ्रॉटल, म्हणजे वेग, वाढवला की गचके खात बंद पडतं. असं झालं की बरेच जण लगेच कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, खोलायला बसतात. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी खोलायचा, सुरुवात टाकीपासून करायची.

टाकीच्या झाकणावरचा व्हेंट, म्हणजे हवा आत यायची वाट, उघडा आहे ना? इंजिनचा पंप पेट्रोल ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरच्या हवेचा दाब ते ढकलत असतो. व्हेंट बंद असला की गेलेल्या पेट्रोलच्या जागी हवा येत नाही, टाकीत दाब कमी होत जातो आणि शेवटी पुरवठाच आटतो. झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज आला तर चोर सापडला.

मग टाकीकडून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपमधला प्रायमर बल्ब, म्हणजे हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा. त्याच्या दोन्ही टोकांना एकाच दिशेने उघडणारे व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे त्याच्यावरचा बाण वर करून धरला आणि दाबत राहिलं की तो कडक व्हायला पाहिजे. चालू इंजिनवर तो चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. कितीही दाबला तरी मऊच राहत असेल तर कुठेतरी हवा शिरतेय, व्हॉल्व्ह गेलाय, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई उघडीच अडकून पेट्रोल ओसंडतंय. आणि इंजिन मान टाकत असताना बल्ब दाबल्यावर ते परत उचललं, तर फ्युएल पंपावर संशय घ्या. त्याचा डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या पेटीतल्या) दाबाच्या चढउतारावर हलतो, वयानुसार तो कडक होतो किंवा फाटतो. पण हवा शिरत असली तरी हेच लक्षण दिसतं, म्हणून पंप खोलण्याआधी पाइप तपासा. बल्बच्या आधीच्या भागात शोषण असतं, तिथे चीर असली तरी पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, उलट हवा आत जाते. त्यामुळे पाइप कोरडा दिसतोय म्हणून तो चांगला आहे असं धरू नका, पारदर्शक पाइपचा तुकडा जोडून बुडबुडे येतात का ते बघा.

आता पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल (अल्कोहोल). ते पाणी शोषतं आणि १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी झालं की इथेनॉल पाण्यासोबत वेगळं होऊन तळाशी बसतं. टाकीतली नळी पण तळापासूनच ओढते! टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे ज्या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात त्यात, तर हे जास्त वाईट, कारण ५० ला १ असं मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं आणि इंजिनला मिळतं ते ऑइल नसलेलं पाणी-इथेनॉल. काचेच्या बरणीत थोडं काढून ठेवा, थर दिसला तर हलवून परत वापरायचा मोह टाळा, सगळं काढून टाकी सुकवा. जुन्या पाइपचं आतलं अस्तरही इथेनॉलने सुटतं, बाहेरून काही कळत नाही.

हे सगळं ठीक निघालं की मग कार्ब्युरेटर. चोक (हवा कमी करणारी झडप) थोडा ओढल्यावर इंजिन सुधारलं तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय हे नक्की, पण तसंच दामटत राहू नका, टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी आणि पिस्टन जाम होऊ शकतो. आयडलला (थ्रॉटल न देता हळू चालताना) बंद पडतं पण फुल थ्रॉटलला पळतं, तर आयडलचा बारीक मार्ग बघा, उलटं असेल तर मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक असलेला भाग. पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब क्लीनर आणि दाबाच्या हवेने निघतो. तार घालून खरवडू नका, जेटचं भोक जरा जरी मोठं झालं तर मिश्रण बिघडतं आणि जेटच बदलावा लागतो.