तारेने दातांचं एनॅमल जात नाही

दादर-गिरगावच्या घरांत नातीच्या दातांना तार लावायची ठरली, की आजी म्हणतेच, "आपल्या घराण्यातच दात कच्चे. तारेने वरचं कवच निघून जाईल." या भीतीपोटी उपचार लांबवणारे आईवडील पाहून जीव तुटतो.

तार एनॅमल, म्हणजे दातावरचं हे कवच, खात नाही. एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. त्याला पोखरतं ते आम्ल. तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटभोवती चिकट थर साचतो, त्यातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की खनिज विरघळू लागतं. तार काढल्यावर दिसणारे पांढरे डाग त्याचेच. घासण्यात हयगय झाली तर ते महिनाभरातही उमटतात. चौपाटीवर एकदा काला खट्टा गोळा खाऊन चूळ भरली तर बिघडत नाही. दिवसभर घोट घोट गोड पेय मात्र नकोच.

आनुवंशिकता अगदीच खोटी नाही. एनॅमेलिनसारख्या प्रथिनांच्या जनुकांत दोष असेल तर कवच मुळातच पातळ किंवा मऊ बनतं. पण तो आजार दुर्मीळ, आणि दंतवैद्याला तपासणीत व एक्स-रेत ओळखता येतो. आजोबांची कवळी हा त्याचा पुरावा नव्हे.