घायपातापासून इथेनॉल: अडतं ते साखळी तोडताना

घायपातापासून इंधन बनवण्याची बातमी आली की तिच्याबरोबर दोन दावे हमखास येतात. एक, या झाडाला पाणी लागतच नाही. दोन, पानं पिळा, यीस्ट घाला, इथेनॉल तयार. पहिला दावा फुगवलेला आहे. घायपाताची पर्णरंध्रं रात्री उघडतात, त्यामुळे बाष्प कमी उडतं. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा त्याची साखर होते. पाणी कमी लागतं हे खरं, पण कोरड्यात वाढही रखडते आणि तोडणीला काही वर्षं थांबावं लागतं.

दुसरा दावा साफ चूक.

उसात सुक्रोज असतं आणि यीस्ट त्याचे दोन तुकडे सहज करतं. घायपात मात्र साखरेचा बराच भाग फ्रुक्टान म्हणून साठवतं, म्हणजे फ्रुक्टोजच्या रेणूंची फांद्या फुटलेली साखळी. यीस्टच्या इन्व्हर्टेज या विकराला आखूड साखळ्या जमतात, लांब साखळ्यांवर ते फार मंद चालतं. रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर फसवतो तो इथेच: विरघळलेलं फ्रुक्टानही त्याच्या ब्रिक्समध्ये, म्हणजे विरघळलेल्या घटकांच्या टक्केवारीत, मोजलं जातं. आकडा चांगला दिसतो, पण आंबवण लवकर थंडावते आणि अल्कोहोल अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघतं.

म्हणून आधी साखळी तोडायची. रस गाळून आम्लाने पीएच ३च्या आसपास आणायचा आणि ८०–९० अंश सेल्सिअसला एक-दोन तास ठेवायचा. पहाटे तोडलेल्या पानांचा रस मॅलिक आम्लामुळे मुळातच आंबट असतो, तेवढं आम्ल वाचतं. तापमान किंवा वेळ वाढवली तर फ्रुक्टोजमधून पाणी निघून जातं आणि हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल हे यीस्टला त्रासदायक संयुग तयार होतं. रस गडद तपकिरी झाला की समजावं, यीस्ट आता कुंथत चालणार. नंतर चुन्याने पीएच ४.५–५वर आणायचा. आम्ल गंधकाचं असेल तर जिप्सम तयार होतं. ते निवळून काढलं नाही तर ऊर्ध्वपातन स्तंभात त्याची पापडी धरते. आम्ल नकोच असेल तर क्लुइव्हेरोमायसेस मार्क्सियानस हे यीस्ट वापरता येतं. ते फ्रुक्टानच्या साखळ्या तोडणारं इन्युलिनेज हे विकर स्वतःच बनवतं आणि ४० अंशांनाही काम करतं. पानांतली सॅपोनिनं, म्हणजे साबणासारखी फेसाळणारी द्रव्यं, नेहमीच्या यीस्टला त्रास देतात. हे यीस्ट ती अधिक सोसतं.

ताज्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, हातमोजे हवेतच. तोडलेली पानं ठेवून दिली तर लॅक्टिक जीवाणू साखर खातात.

आता हिशेब. समजा १ टन पानांतून ५०० लिटर रस निघाला आणि त्यात १० टक्के साखर, म्हणजे ५० किलो, मिळाली. १ किलो साखरेपासून जास्तीत जास्त ०.५११ किलो इथेनॉल होतं. ८५ टक्के कार्यक्षमतेने हाती येतं साधारण २७ लिटर. म्हणजे आंबलेल्या रसात अल्कोहोल जेमतेम साडेपाच टक्के. एवढ्या पातळ रसाला वाफ भरपूर लागते आणि दर लिटर इथेनॉलमागे सोळा-सतरा लिटर सांडपाणी उरतं. बॉयलरसाठी पानांचा चोथा आहेच, पण तो ओला असेल तर नीट पेटत नाही; आधी वाळवावा लागतो.