गार झुळूक आली की काठ गाठा

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तेव्हापासून उन्हाळ्यात कुणी "धरणावर बोटिंगला चाललोय" म्हणालं की मी आधी विचारतो, किती वाजता? दुपारी चारनंतर असेल, तर त्यांना वळवाच्या ढगाबद्दल सांगायलाच बसतो.

"पाऊस दिसला की परत फिरू," असं बहुतेक जण म्हणतात. चूक होते ती इथेच. होडीचा घात करतो तो पावसाच्या पुढे धावणारा वारा.

मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि दुपारपर्यंत दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्यातले थेंब खालच्या कोरड्या हवेतून पडताना वाटेतच वाळू लागतात. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच इथे घडतं: वाफ व्हायला लागणारी उष्णता पाणी आजूबाजूच्या हवेतूनच घेतं, ग्रॅममागे सुमारे २,४०० ज्यूल. एक किलो हवेचं तापमान एका अंशाने बदलायला साधारण १,००० ज्यूल लागतात. म्हणजे किलोभर हवेत एक ग्रॅम पाणी वाळलं तर ती जवळजवळ अडीच अंशांनी गार होते, आणि मेमधल्या कोरड्या हवेत तीन-चार ग्रॅम सहज मुरतात. दहा अंशांनी गार झालेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा तीन टक्के जड असते. तीन टक्के किरकोळ वाटतील, पण एक घन किलोमीटर हवेचं वजनच दहा लाख टनांच्या वर भरतं. त्यात तीस हजार टनांची भर पडली की ती कोसळते, जमिनीवर आपटते आणि फरशीवर बादली उपडी केल्यासारखी चहूकडे पसरते. पसरणाऱ्या या हवेची कडा कधी कधी ढगाच्या दहा-पंधरा किलोमीटर पुढे पोचते.

म्हणून डोक्यावर ऊन असतानाच अचानक गार झुळूक येते, मातीचा वास येतो, होडीतल्या सगळ्यांना बरं वाटतं. ती कडा आली! पलीकडच्या काठावर धूळ उठलेली दिसते, पाण्यावरून काळसर रेघ सरकत येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, आणि जलाशयावर त्याला अडवायला झाड नाही की टेकाड नाही.

आता हिशोब करा. वीज चमकल्यावर तीस सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर ढग दहा किलोमीटरवर आहे. कडा ताशी चाळीस किलोमीटरने आली तर तुमच्या हातात पंधरा मिनिटं. तेवढ्यात वल्ह्याची होडी जेमतेम एक किलोमीटर जाते, तीही वारा नसताना. म्हणून वळवाच्या दिवसांत मी काठापासून अर्ध्या किलोमीटरपलीकडे जात नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देतं, ते जरूर ठेवा. पण वाऱ्याकडे आपणच लक्ष ठेवायचं, आणि धरणाच्या आत रेंज असेलच असं नाही.

धरणाकाठी कुणी बुडालं की "आसरांनी", म्हणजे पाण्यातल्या देवतांनी, "ओढलं" असं अजून ऐकू येतं. मला याचा त्रास होतो, कारण मग होडीत माणसं किती होती, लाइफ जॅकेट होती का, हे कुणी विचारतच नाही. जॅकेट असलं तरी पुष्कळदा ते बसायला उशीसारखं घेतलेलं असतं. पट्टे आवळून अंगात घातलं तरच ते डोकं पाण्यावर ठेवतं. वारा सुटल्यावर कुणीही उभं राहू नये. उभ्या माणसामुळे होडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि एवढ्याशा लाटेनेही ती कलंडते. उलटलीच, तर पोहत काठ गाठायच्या नादी न लागता तरंगणारी होडी धरून राहावं.

याच उजनीवर भिगवणला रोहित पक्षी बघायला लोक पहाटे होडीत बसतात. जमीन तापलेली नसते, ढग जन्मालाही आलेला नसतो. उन्हाळ्यात होडीची वेळ ती, आणि दहाच्या आत काठावर परत.