बालशिक्षिकांचा व्यावसायिक विकास, कोकणातील

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना शिकवणाऱ्या अंगणवाडी सेविका, मदतनीस व बालवाडी शिक्षिका यांची जाण आणि कौशल्य नोकरीत असतानाही वाढत राहावे, यासाठी उभी केलेली प्रशिक्षणाची, मार्गदर्शनाची व एकमेकींकडून शिकण्याची व्यवस्था. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या कोकणच्या जिल्ह्यांत ही व्यवस्था मुख्यतः एकात्मिक बालविकास सेवा योजनेमार्फत चालते.

या कामाची एक महत्त्वाची सुरुवात कोकणातच झाली. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये स्थापन केलेल्या नूतन बालशिक्षण संघाचे कार्य ताराबाईंनी 1945 मध्ये डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी नेले आणि अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडीपर्यंत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागड्या माँटेसोरी साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने व माती आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवण्यापर्यंत हा विचार गेला. येथे घडलेल्या बालसेविका मुलांच्या सहवासातच शिकत होत्या, आणि प्रस्तुत विषयात कोसबाडचे हेच सर्वांत मोठे देणे मानले पाहिजे.

शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तिच्या रचनेत प्रकल्पाचा प्रमुख बालविकास प्रकल्प अधिकारी असतो, प्रकल्पाचे बीट, म्हणजे काही अंगणवाड्यांचे गट, पाडलेले असतात आणि प्रत्येक बीटवर एक मुख्यसेविका (पर्यवेक्षिका) नेमलेली असते. नियुक्तीनंतरचे प्रशिक्षण, अधूनमधून होणारी उजळणी व दरमहाची बीट बैठक हे सेविकेच्या शिक्षणाचे ठरलेले टप्पे होत. मात्र पूरक पोषण आहार, लसीकरणास साहाय्य, वजन-उंचीच्या नोंदी व गृहभेटी या साऱ्यांचा आढावा त्याच बैठकीत घ्यावा लागतो, त्यामुळे मुलांना गोष्ट कशी सांगावी किंवा अबोल मुलाला बोलते कसे करावे, हा विषय बहुधा शेवटच्या अर्ध्या तासावर येतो.

कोकणची भूरचना ही या व्यवस्थेची खरी कसोटी आहे. गाव एक असले तरी वाड्या डोंगरउतारावर, खाडीच्या अल्याड-पल्याड विखुरलेल्या असतात. पावसाळ्यात दरडी कोसळून व वहाळांना पूर येऊन तालुक्याच्या गावी जाणे अवघड होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत भातलावणी असल्यामुळे अनेक सेविका स्वतःच्या शेतातही राबत असतात. गणपती आणि शिमग्याच्या सुमारासही प्रशिक्षण ठेवून उपयोग होत नाही. म्हणूनच तालुक्याच्या सभागृहातील शिबिरापेक्षा मुख्यसेविकेने अंगणवाडीत बसून दोन तास काम पाहणे, मग सेविकेशी त्यावर बोलणे, तसेच शेजारच्या दोन-तीन वाड्यांतील सेविकांनी एकमेकींचे वर्ग पाहणे येथे अधिक फलदायी ठरते. वही तपासून परतणारी भेट ही भेट असली, तरी तिला मार्गदर्शन म्हणता येत नाही.

प्रशिक्षणाचा आशयही येथील मुलांवरून ठरायला हवा. दक्षिण कोकणातील अनेक वाड्यांत मुले थोडी असतात, त्यामुळे तीन वर्षांचे व सहा वर्षांचे मूल एकाच खोलीत, एकाच सेविकेजवळ असते. अशा मिश्र वयाच्या गटाला एकच कृती निरनिराळ्या पातळ्यांवर देण्याचे कौशल्य शिकवावेच लागते. मूल घरी मालवणी, आगरी, संगमेश्वरी, वारली किंवा कातकरी बोलते. आंबाबागांत राखणदारी करणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुले आणखी वेगळी भाषा घेऊन येतात. त्या बोलीला न टोकता तिच्यातूनच प्रमाण मराठीकडे नेणे हे सेविकेला सरावानेच साधते. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांचे मूल काही महिन्यांनी परतते, तेव्हा त्याला पुन्हा गटात सामावून घेणे हाही स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. साधनांची मात्र उणीव नाही: करवंट्या, सुपाऱ्या, पोफळीच्या विऱ्या (पानाचे रुंद देठ), माडाचे हीर (झावळीच्या काड्या) व शिंपले यांतून वर्गीकरण, मोजणी आणि आकारांची ओळख सहज होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचवलेला आहे. तो दूरशिक्षणाने, मोबाइलच्या साहाय्याने घेता यावा व शालेय शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्रांनी महिन्यातून किमान एक संपर्कवर्ग घ्यावा, अशी तरतूद आहे. डोंगराआडच्या वाडीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नसल्याने, या संपर्कवर्गाचे मोल कोकणात विशेष आहे. 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘पोषण भी पढाई भी’ या उपक्रमाने अंगणवाडीतील शिक्षणाच्या बाजूवर पुन्हा भर दिला.

सेविकेला वेतनाऐवजी मानधन मिळते. तिला उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये मान्य केला. प्रशिक्षणाचा प्रवासखर्च वेळेवर मिळणे, त्या दिवशी अंगणवाडी सांभाळणाऱ्या मदतनिसालाही शिकण्याची संधी मिळणे आणि पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमाची पदोन्नतीत दखल घेतली जाणे, या गोष्टी व्यावसायिक विकासाचाच भाग आहेत.